प्लॉट नंबर सतराचा मालक

डेअरीच्या रांगेत सावळारामनं म्हस्कूच्या हातातली दुधाची किटली काढून घेतली, तेव्हाच म्हस्कूनं ओळखायला हवं होतं की काहीतरी घोटाळा आहे. सावळाराम म्हणजे त्याचा शेजारी, बांधाला बांध लागून रान असलेला. दुसऱ्याची किटली तर सोडाच, पण स्वतःचा पाण्याचा तांब्यासुद्धा हा माणूस बायकोकडून मागून घेतो, हे अख्ख्या अंथुर्णे गावाला माहीत होतं.

"असू द्या, असू द्या," सावळाराम म्हणाला. "आता तुमी वजन उचलायचं न्हाय, मालक."

"मालक? कशाचा मालक?"

"घ्या! आमालाच ईचारत्यात." सगळी रांग हसली. "पेढं कवा?"

म्हस्कूनं मनातल्या मनात चाचपून पाहिलं. लेकी नांदायला गेलेल्या, त्यांच्याकडून काही बातमी नव्हती. म्हशीच्या दुधाला फॅट चांगली लागली म्हणून पेढे वाटायची रीत अजून निघाली नव्हती. शेवटी काही सुचेना म्हणून तो नुसताच हसला. कळत नसलं की माणूस हसतो आणि तिथंच फसतो. रांगेनं त्या हसण्याचा अर्थ लावून टाकला.

उलगडा झाला तो स्टँडसमोर. एरवी तिथं कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लटकलेला असतो. आज तिथं म्हस्कू होता. गुलाबी फेटा, हातात नारळ, खांद्यावर शाल, मागं निळंशार पाणी. वर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'मा. श्री. म्हस्कू बिरू वाघमोडे यांचे पाणकाठ सिटी, भिगवण येथील प्लॉट नं. १७ च्या बुकिंगबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार.'

म्हस्कू फ्लेक्सखाली उभा राहिला आणि फ्लेक्सवरच्या म्हस्कूकडं बघत बसला. खोटं कशाला बोला, फोटो झकास आला होता. मिशा तर अशा वळलेल्या की जन्मात कधी वळल्या नव्हत्या. पण प्लॉट? त्यानं प्लॉट कधी घेतला?

झालं होतं ते इतकंच. मागल्या आठवड्यात बारामतीच्या ऋषिराज नावाच्या एका तरण्याताठ्या प्लॉटिंगवाल्यानं गावात बस लावली होती. भिगवणच्या बाजूला उजनीचं पाणी जिथं पसरलंय, तिथल्या माळावर त्यानं प्लॉट पाडले होते. ते बघायला यायचं, जाणं-येणं फुकट, वर चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी. घेण्याची सक्ती नाही. सावळारामनं म्हस्कूला ओढून नेलं. धाकटा भाऊ दादासो मात्र आला नाही, कारण त्यांच्या उसात तोडणीची टोळी पडली होती आणि टोळी एकटी सोडून भागत नाही.

कालवण चांगलं झालं होतं. जेवण झाल्यावर माईकवर नाव पुकारलं, 'आपल्यातले वडीलधारे, म्हस्कूआबा वाघमोडे.' दोन पोरींनी कुंकू लावलं, एकानं फेटा बांधायला घेतला. आता फेटा ही चीज अशी आहे की ती डोक्यावर चढत असताना नको म्हणता येत नाही. समोरचा सन्मान करतोय आणि आपण मुंडी मागं घ्यायची, हा आपल्याकडं धडधडीत अपमान. म्हस्कूनं फेटा बांधून घेतला, शाल घेतली, नारळ घेतला. फोटोवाला म्हणाला, जरा त्या दगडापाशी उभे राहा, उजेड चांगला हाय. त्या दगडावर सतरा लिहिलं होतं, ते म्हस्कूच्या पाठीमागं होतं. पाठीमागचं कुणाला दिसतं?

'पण नारळ तर मी घेतला,' स्टँडसमोर उभ्या म्हस्कूला आता आठवलं. सोयरीक ठरवताना नारळ हातात घेतला की शब्द दिला असं धरतात. नारळ घेऊन मागं फिरलेल्या माणसाला चार गावं नावं ठेवतात. प्लॉटचंही तसंच असतं की काय? कुणाला विचारावं तर तेच हसून टाळी मागत होते.

"आरं, म्या काय घेतलं न्हाय," तो पानटपरीवर म्हणाला.

टपरीवाल्यानं डोळा मारला. "बराबर हाय. आसंच म्हनायचं."

इथं म्हस्कूची खरी पंचाईत होती. जमिनीच्या बाबतीत आपल्याकडची रीत अशी की घेणारा माणूस खरेदीखतावरची शाई वाळेपर्यंत कानावर हात ठेवतो. भावकीला कळलं तर कुणीतरी आडवं येतं, नजर लागते, भाव वाढतो. म्हणून घेतली का विचारलं की 'न्हाय' म्हणायचं, आणि ऐकणाऱ्यानं ते 'व्हय' धरायचं. म्हस्कू जितक्या वेळा नाही म्हणाला, तितका गावाला तो प्लॉट पक्का वाटत गेला. दुपारपर्यंत कुणीतरी त्याला बंगल्याचा नकाशाही विचारला.

घरी भागूबाई, म्हणजे त्याची बायको, चुलीपुढं बसून वाटच बघत होती.

"मला एक शबुद ईचारला न्हाय," ती म्हणाली. "माझ्या डोरल्याला पैसं नव्हतं, आन प्लॉटाला बरं आलं!"

"अगं बाई, घेतलाच न्हाय. बिरोबाची आन."

"बिरोबाला कशाला मधी घेताय?" भागूबाईनं तव्यावरची भाकरी अशी उलटली की म्हस्कू मागं सरला. मग जरा वेळानं, आवाज खाली आणून, "पाणी दिसतंय का पर तितनं?"

म्हस्कूनं कपाळावर हात मारून घेतला.

भागूबाईचं एक बरं होतं. ती भांडली आणि मोकळी झाली. खरी भीती होती दादासोची. दोघा भावांची अजून वाटणी नव्हती. उसाचं बिल आलं की थोरल्याच्या हातात, दुधाचा पगार आला की थोरल्याच्या हातात, आणि दादासोनं आजवर कधी 'आण्णा, किती आले?' असा प्रश्न केला नव्हता. शेजारच्या आळीत सख्खे भाऊ एका लिंबाच्या झाडावरून कोर्टात गेले होते. ह्या घरात दादासो नवा सदरासुद्धा थोरल्याला विचारून घ्यायचा.

ह्याला कारण होतं. बाप होता तोवर घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, आणि रोज संध्याकाळी नव्या माळावर मुक्काम. म्हस्कू तेव्हा मिसरूड फुटलेला गडी. तो पुढं जायचा, जागा बघायचा, घोडीवरचा बोजा उतरवायचा आणि "हितंऽऽ!" म्हणून लांबलचक हाळी द्यायचा. ती ऐकली की मागून चिमुरडा दादासो धापा टाकत पळत यायचा आणि आपली घोंगडी थोरल्याच्या घोंगडीला चिकटवून टाकायचा. लांडग्याचं भ्या वाटतं म्हणायचा. मेंढरं जाऊन किती वर्षं लोटली, दादासोचे केस पांढरे झाले, तरी दोघांच्या खाटा अंगणात एकाला एक लागून असत.

आणि आता त्याच दादासोला वाटणार की थोरल्यानं सामाईक पैशातून गुपचूप स्वतःचं बघितलं. प्लॉट गेला खड्ड्यात. पण भावाच्या मनातून उतरलो तर आपल्याजवळ राहिलं काय, ह्या विचारानं म्हस्कूनं जेवणाचं ताट तसंच सरकवलं.

दादासो उसातून आला. हातपाय धुतले, जरा जास्तच वेळ धुतले. मग खाली बघूनच म्हणाला, "अभिनंदन, आण्णा."

"दाद्या, म्या काय घेतलं न्हाय रं."

"बरं," दादासो म्हणाला.

त्या 'बरं'नं म्हस्कूची झोप उडाली. 'कुठनं आणला पैसा?' म्हणून तो गरजला असता तर परवडलं असतं.

तीन रात्री तळमळून चौथ्या दिवशी म्हस्कूनं एसटी धरली आणि बारामती गाठली. भिगवण रोडला ऋषिराजचं ऑफिस होतं. काचेचा दरवाजा, आत एसीचा गारवा, भिंतीवर पाणकाठ सिटीचं मोठं चित्र. चित्रात बंगले होते, झाडं होती, गुलाबी रोहित पक्षी होते आणि एक गोरी बाई कुत्र्याला फिरवत होती. म्हस्कूनं पाहिलेल्या माळावर नुसती कुसळं होती.

"या या, आबा!" ऋषिराज उठून पाया पडला. पाया पडणाऱ्या माणसावर एकदम ओरडता येत नाही, हे त्याला ठाऊक असावं.

"लेका, म्या प्लॉट कवा घेतला?"

"घेतलाय आसं कुठं म्हणलंय? बुकिंग म्हणलंय."

"बुकिंग तरी कवा केलं?"

"आबा, खाली बारीक अक्षरात लिव्हलंय की, 'छायाचित्र केवळ नमुन्यादाखल'."

"मंजे मी नमुना हाय व्हय?"

ऋषिराजनं चहा मागवला आणि खुर्ची जवळ ओढली. तसा पोरगा गोड होता. त्याला खरंच वाटत होतं की आपण आबांचं भलंच करतोय.

"ह्येला मार्केटिंग म्हणत्यात, आबा. आपल्या भागात माणूस जमीन बघून जमीन घेत न्हाय, माणूस बघून घेतो. पेपरात जाहिरात दिली तर कोण बघत न्हाय. पर म्हस्कूआबा वाघमोडेनं घेतली म्हणलं की चार लोक म्हणत्यात, हा माणूस फुकाचा पैसा घालणारा न्हाय, तितं कायतरी असणार. तुमचा फ्लेक्स लागल्यापासनं फोन थांबंना झालाय."

म्हस्कूला आत कुठंतरी बरं वाटलं आणि त्याचा त्याला रागही आला. "आन जमीन कुणाची ती?"

"मूळ मालकाची. मी त्येला इसार दिलाय. बाकीचं सहा महिन्यात द्यायचं."

"इसार तुज्या पदरचा?"

"पतसंस्थेचा. आता बुकिंग आलं की त्यातनं मालकाचं भागवायचं, मालकाचं भागलं की जमीन माझ्या नावावं, माझ्या नावावं झाली की गिऱ्हाइकाच्या नावावं. ह्येला फायनान्सचं चक्र म्हणायचं. चक्र फिरत ऱ्हायलं पायजे बगा."

म्हस्कूनं चहाची बशी खाली ठेवली. त्यानं बोटावर जुळवून पाहिलं. "मंजे जमीन त्येची, पैसा पतसंस्थेचा, फोटो माझा. मंग तुजं काय रं हाय ह्येच्यात?"

"आयडिया, आबा," ऋषिराज नम्रपणे म्हणाला.

कुठंतरी चुकतंय हे म्हस्कूला दिसत होतं, पण बोट ठेवायला गेलं की जागा सरकत होती. "आन सतरा नंबर कुणाचा?"

"तुमचाच म्हणायचा."

"म्या घेतला न्हाय."

"म्हणून तर रिकामा हाय. घ्या की मग खराच! हप्ता बांधून देतो. शिवाय तुमच्या नावावं जी गिऱ्हाइकं आली, त्येची सूट तुमाला. शेजारचा अठरा तर परवाच गेला, बगा. रोख इसार देतो म्हणला. तुमचं नाव सांगूनच आला गडी."

"कोण?"

"नाव सांगू नका म्हणलाय. जमीन घेणारा सांगतो का कवा?"

म्हस्कूनं हात जोडले. "माझ्या बापा, तो फ्लेक्स तेवढा उतरीव. माझं घर मोडंल."

"उतरवतो, आजच उतरवतो," ऋषिराज म्हणाला, आणि त्यानं शब्द पाळला. संध्याकाळी एसटीतून उतरताना म्हस्कूला दिसलं, स्टँडसमोर आता दुसऱ्याच कुणाचा तरी वाढदिवस होता. पण उतरलेल्या फ्लेक्सचा गावानं वेगळाच अर्थ काढला. सावळाराम म्हणाला, खरेदीखत झालेलं दिसतंय, म्हणूनच लपवाछपवी.

पुढचे दिवस म्हस्कूला काहीच उमजेना. दादासो जेवायचा, रानात जायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. पण मधूनच मोटारसायकल काढून कुठं जायचा ते सांगायचा नाही. एकदा त्याच्या खिशातून मोजमापाची टेप डोकावताना म्हस्कूनं पाहिली. एकदा तो आणि त्याची बायको मनिषा गोठ्यात हळू आवाजात बोलत होते आणि म्हस्कू आल्यावर मनिषानं पदर सावरून शेणाची पाटी उचलली. दावणीची एक म्हैसही कमी झाली. विचारलं तर दादासो म्हणाला, "आटली हुती, काढली." पण ती आटलेली नव्हती, म्हस्कूनं आदल्या दिवशीच तिची धार काढली होती.

मग सावळारामनं शेवटचा घाव घातला. "दादासोनं भिशी उचलली, ठावं हाय का? बोलीत लई तोटा सोसून उचलली. कशाला लागत्यात वो एकदम एवढं?"

कशाला म्हणजे? टेप, म्हैस, भिशी. दादासो वेगळा निघणार. वाटणी मागायच्या आधी माणूस चार पैसे बाजूला करतो, हे का सांगायला पाहिजे? न घेतलेल्या प्लॉटानं घर फोडलं. म्हस्कूला वाटलं, त्या फेट्यासकट आपण उजनीत बुडून मेलो असतो तरी बरं झालं असतं.

दोन दिवस त्यानं शब्द जुळवले. तिसऱ्या दिवशी दुपारी तो बोलायला म्हणून अंगणात आला, तर दादासो मोटारसायकल पुसत उभा.

"आण्णा, बसा गाडीवं."

"कुठं?"

"बसा तर."

म्हस्कू बसला. तहसीलला नेत असेल, वाटणीचा कागद करायला, असं तो धरून चालला. पण गाडी इंदापूरकडं वळली नाही. ती भिगवणच्या रस्त्याला लागली, आणि शेवटी त्याच माळावर जाऊन थांबली, जिथं चिलापीचं कालवण झालं होतं. थंडीचे दिवस, खाली पाणी चमकत होतं आणि लांबवर पाखरांची गुलाबी रांग होती. माळावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या. दादासो सरळ सतराच्या दगडापाशी गेला आणि त्याच्या पुढच्या चौकोनात उभा राहिला.

"ह्यो अठरा," तो म्हणाला. "माझा."

म्हस्कूला आधी ऐकूच गेलं नाही, म्हणजे कानात गेलं पण डोक्यात शिरलं नाही. "तुजा?"

"व्हय. म्हैस ईकली, भिशी उचलली. तुमाला सांगितलं न्हाय, तुमी नको म्हणला असता." दादासोनं टेप बाहेर काढली आणि लहान पोरासारखा घाईघाईनं बोलायला लागला. "मी मोजून बगितलंय. तुमचं दार हिकडं काढायचं, माझं तिकडनं. मधल्या रेघंवं भिंत घालायची न्हाय. अंगण एकच ठेवायचं, खाटा टाकायला."

"दाद्या, पैशाचं म्हणशील तर…"

"पैशाचं मला काय न्हाय, आण्णा. पैसा तुमच्याजवळ हाय का माझ्याजवळ, ह्ये मी कवा बगितलंय?" त्याचा आवाज जरा चिरकला. "मनाला लागलं येवढंच, का तुमी बोजा उतरला आन हाळी दिली न्हाय. फ्लेक्सवं वाचायला लागलं. मंग म्हणलं, ऱ्हाऊ दे, ईसरलं असत्याल. हाळी न्हाय तर न्हाय, आपुन आपलं जायाचं आन शेजारी पडायचं."

म्हस्कूच्या डोळ्यापुढं माळ, पाणी, फक्कीच्या रेघा सगळं एकात एक मिसळलं. जो माणूस वेगळा निघणार म्हणून म्हस्कू इतके दिवस झुरत होता, तो माणूस ह्या कुसळाच्या माळावर त्याच्या शेजारी येऊन बसला होता. गप्प बसावं आणि उद्या जाऊन सतरा नंबर घेऊन टाकावा, असं क्षणभर म्हस्कूच्या मनात आलं. पण दादासोशी तो आजवर कधी खोटं बोलला नव्हता.

"दाद्या," तो म्हणाला, "म्या खरंच घेतला न्हाय. फेटा बांधला, फोटो काढला, येवढंच. सतरा नंबर माझा न्हाय. कुणाचाच न्हाय."

दादासो हसला. "आता माझ्याजवळबी लपवताय व्हय?"

मग त्यानं थोरल्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं सतराच्या दगडाकडं पाहिलं, अठराच्या दगडाकडं पाहिलं. हातातली टेप तशीच लोंबत राहिली.

"मंग आण्णा," तो म्हणाला, "म्या घोंगडी कुणाच्या शेजारी टाकली?"